बांधणी विभाग, मार्फत ग्रंथपाल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मागनं कुणी कुरकुर करायला नको. सह्यपठार विद्यापीठाच्या आवक-जावक विभागात मी एकतीस वर्षं काढली. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणारं टपाल नोंदवायचं, आणि मधल्या वेळात भांडायचं. कुणी कागद उलटा हातात दिला तरी माझं डोकं फिरायचं. "आक्काताई कांबळेंच्या टेबलाकडं जायचं आसंल तर पाणी पिऊन जा," असं नव्या शिपायांना सांगायचे म्हणे. सांगू देत की. निवृत्तीच्या दिवशी मी माईक हातात घेऊन ठणकावून सांगितलं, "माझ्या हातनं एक टपाल हरवलेलं न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान ताठ करून नारळ घेतला आणि घरी आले.

पण ही गोष्ट माझी नव्हे. शमशुद्दीन मणेर नावाच्या माणसाची आहे. आम्ही त्यांना शमशूभाई म्हणतो.

मंगळवार पेठेत आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. मूळचे कुरुंदवाडचे. वडील तिथं व्यापाऱ्यांच्या वह्या बांधायचे, तोच हात यांना आला. कोल्हापुरात हळू बोलणारा माणूस दिसला, की तो आजारी तरी असतो नाहीतर पावणा. शमशूभाई दोन्ही नव्हते आणि तरी हळू बोलायचे. समोरच्यालाच पुढं वाकून ऐकावं लागायचं. मला तर त्याचाही राग यायचा. "जरा घसा मोकळा करून बोला की हो," मी म्हणायची. ते हसायचे, आणि पुन्हा तेवढंच हळू बोलायचे.

ब्याऐंशी साली ते विद्यापीठात रोजंदारीवर बाइंडर म्हणून लागले. विद्यापीठ कागलच्या बाजूला, हायवेला लागून. ग्रंथालयाच्या मागं एक खोली होती आणि तिच्यावर पाटी, 'बांधणी विभाग'. विभाग कसला डोंबलाचा! एक माणूस, पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा आणि खळीचं एक पातेलं. खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. फाटकी पुस्तकं, परीक्षेची रजिस्टरं, सगळं त्यांच्याकडं जायचं. आणि मार्च संपला की जायची ती व्यवस्थापन परिषदेची इतिवृत्तं. प्रत्येक सभेत काय ठरलं त्याचे टाइप केलेले सुटे कागद वर्षभर साठायचे. वर्षाअखेर त्यांचा गठ्ठा शमशूभाईंच्या खोलीत, आणि महिनाभरानं हिरव्या कापडाचा, लाल चामड्याच्या कोपऱ्यांचा खंड तयार होऊन कपाटात. असा खंड उघडला की पान हातात सुटून यायचं नाही. काम बघावं तर त्या माणसाचं.

चौदा वर्षं त्यांनी अशी काढली. कायम करायच्या यादीत नाव आहे, असं दरवर्षी कुणीतरी त्यांना सांगायचं.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये ग्रंथालयातला एक ग्रंथ गहाळ झाला. जुन्या नकाशांचं मोठं पुस्तक होतं, बाजारात लाखाच्या घरात जाईल असं बोलायचे. ग्रंथालयाच्या रजिस्टरात शेवटची नोंद होती, 'बांधणीसाठी पाठविला'. शमशूभाई म्हणाले, माझ्याकडं आलाच नाही. ग्रंथपाल म्हणाले, नोंद तर आहे. झालं! संध्याकाळी त्यांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. विषय परिषदेपुढं जाईल. निर्णय झाला की कळवू." लेखी काही नाही. शमशूभाईंनी खळीचं पातेलं घासून पालथं घातलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आणि बस पकडून घरी आले.

मग पेठेला काय विषयच मिळाला. विद्यापीठातनं हाकलला म्हणजे काहीतरी केलं असणारच, असं लोक बोलायचे. तोंडावर कुणी बोललं नाही. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं, निदान उत्तर तरी देता आलं असतं. त्यांनी घरच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, दुसरा शिकंजा मांडला आणि कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, दुकानदारांच्या वह्या असली कामं सुरू केली. पोटाला कमी पडलं नाही. पण माणूस बदलला. दुकानात गेले की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. एकदा गल्लीत एका लग्नात कुणाची तरी अंगठी हरवली. हुडकाहुडक सुरू व्हायच्या आत शमशूभाई मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले. कुणी मागितलं नव्हतं. अंगठी नंतर नवरीच्या मावशीच्या पिशवीत सापडली. मी हे डोळ्यांनी बघितलं, आणि घरी येऊन जेवले. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते पुढं सांगते, आत्ता जीभ वळत नाही.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. माहितीचा अधिकार तेव्हा नवा नवा आला होता. माझा मुलगा धम्मपाल शाळेत शिक्षक आहे. त्यानं कायद्याचं पुस्तक आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणून माझ्यापुढं ठेवला. "आई, भांडायची सवय हायच तुला. आता कायद्यानं भांड," म्हणाला. तेवढंच निमित्त. पेठेत बातमी पसरली की आक्काताई अर्ज लिहून देते. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची गटार, कुणाचा सातबारा. सकाळी दहापासून माझ्या दारात चपलांचा ढीग असायचा. निवृत्तीनंतर मला करमणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

एका गुरुवारी सगळे गेल्यावर शमशूभाई आले. बराच वेळ दारातच उभे होते.

"आक्का, अर्ज लिवता म्हणं तुम्ही."

"लिवते की. आत तर या. कशाचा?"

"शहाण्णव साली परिषदेत माझा विषय झाला का न्हाय, आनि झाला आसंल तर काय लिवलंय, तेवढं बघायचं हाय."

"नोकरी मागायची हाय? एकसष्ट वय झालं तुमचं शमशूभाई. आता कोण घेतंय?"

"नोकरी नको. पैसा नको. चोर म्हणून लिवलं आसंल तर तसं कळू दे. न्हाय म्हणून लिवलं आसंल तर तो कागद पायजे. सही-शिक्क्यासकट."

मी चष्मा काढून त्यांच्याकडं बघितलं. "दहा वर्षं झाली की हो. एकदा जाऊन इचारायचं न्हाय?"

"कळवतो म्हणले हुते की," ते म्हणाले.

काय बोलणार अशा माणसाला! मी अर्ज पुढं ओढला.

आता हे अर्जाचं काम नुसत्या चांगल्या अक्षराचं नाही. काय मागायचं ते माहीत पाहिजे. परिषदेच्या सभेची छापील विषयपत्रिका असते. तीच मागितली तर हे लोक 'असा विषय नव्हता' म्हणून खरंखरं सांगून मोकळे होतात. पण सभा संपत आली, चहा आला, माणसं घड्याळाकडं बघायला लागली, की अध्यक्षांच्या परवानगीनं विषय येतात. त्यांना 'ऐनवेळचे विषय' म्हणतात. अडचणीचं सगळं त्यातच घालून घेतात. एकतीस वर्षं तिथं घासली ती काय उगंच? मी लिहिलं, 'दिनांक १ ऑगस्ट १९९६ ते ३१ मार्च १९९७ या काळातील व्यवस्थापन परिषदेच्या सर्व सभांची इतिवृत्ते, ऐनवेळच्या विषयांसह, साक्षांकित प्रतीत मिळावीत.' कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. शमशूभाईंनी सही केली. त्यांची सही फार सुंदर, मोत्यासारखी.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. 'सदर कालावधीची इतिवृत्ते अभिलेखात आढळून येत नाहीत.'

"मुडदा बशिवला तुमचा!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बनाबाई लाटणं हातात घेऊन धावत आली. आढळून येत नाहीत! परिषदेची इतिवृत्तं म्हणजे काय छत्री आहे, बसमध्ये विसरायला? मी त्याच दिवशी अपील लिहिलं. शमशूभाई माझ्या समोर बसले होते. उठताना एवढंच म्हणाले, "नसतीलच कदाचित. माझा विषय कशाला कोण काढंल?" त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा म्हातारा दिसला.

अपिलाची सुनावणी सप्टेंबरात कुलसचिवांच्या केबिनमध्ये झाली. आम्ही के.एम.टी.च्या बसनं गेलो. शमशूभाईंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दहा वर्षांत ते त्या फाटकातनं आत आले नव्हते. फाटकाशी ते थांबले. मी दंडाला धरून आत ओढलं, "चला हो, आपन काय भीक मागायला आलोय का?"

माहिती अधिकारी म्हणून एक तरुण उपकुलसचिव होते. माणूस सभ्य होता, म्हणून मला भांडायला अवघड जात होतं. "मॅडम, मी स्वतः कपाटं तपासली," ते म्हणाले. "पंच्याण्णव-शहाण्णवपर्यंतचे हिरवे खंड आहेत. अठ्ठ्याण्णवपासून पुढं बॉक्स फायली आहेत. मधल्या दोन वर्षांचे खंड नाहीत. कसर लागली असेल, गळतीत गेले असतील..."

"गळती तुमच्या डोस्क्याला लागली आसंल!" मी खुर्चीतनं उठले. कुलसचिव म्हणाले, "आक्काताई, बसा." मी बसले नाही. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात शमशूभाईंनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "साहेब, एक इचारू का?"

त्यांचं बोलणं ऐकायला सगळ्यांनाच गप्प व्हावं लागलं.

"माझ्यामागं बांधणी कोण केली?"

उपकुलसचिवांनी कुलसचिवांकडं बघितलं. "कुणी नाही. ते पद नंतर भरलंच नाही. मग कॉम्प्युटर आले, बॉक्स फायली आल्या..."

"मग खंड कुठनं आसणार?" शमशूभाई म्हणाले. "बांधल्याबिगर खंड व्हत न्हाय, आनि खंड झाल्याबिगर कपाटात जात न्हाय. सुटे कागद बांधायला म्हणून माझ्या खोलीत यायचे. कपाटात कशाला हुडकतासा साहेब? खोलीत बघा की."

मग कुलसचिवांनी घंटी मारली आणि ग्रंथालयाच्या शिपायाला किल्ल्या घेऊन बोलावलं.

शिपाई म्हणजे आकाराम, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. शमशूभाईंना बघून तो गडबडला. "बरं हाय न्हवं?" म्हणाला आणि लगेच पुढं चालायला लागला. खोलीचं कुलूप गंजलं होतं, तेल घालून, हातोडीनं ठोकून उघडलं. दार आत ढकलताना खाली काहीतरी कागद-बिगद घसपटत गेलं. आत धुळीचा थर. शिकंजा होता तिथंच होता, पातेलं पालथं होतं. भिंतीशी फळीवर सुतळीनं बांधलेले चार गठ्ठे. प्रत्येकावर चिठ्ठी, 'बांधणीसाठी'. माणूस घालवून दिला आणि कागद मात्र नेमानं त्याच्या खोलीत आणून ठेवत राहिले, असले आमचे लोक!

शमशूभाईंनी दारात चपला काढल्या. स्टूल पुसलं, बसले आणि दुसरा गठ्ठा सोडला. त्यांची बोटं पानांवरनं अशी चालली की वाटलं हा माणूस कालच इथनं उठून गेलाय. मी, उपकुलसचिव आणि आकाराम, आम्ही तिघं बाजूला उभे. बावीस ऑक्टोबर शहाण्णवच्या सभेशी ते थांबले. पान वर केलं, लांब धरलं, मग माझ्या हातात दिलं.

"वाचा आक्का. माझा चष्मा धुळीनं भरलाय."

ऐनवेळचा विषय क्रमांक चार होता. मी मोठ्यानं वाचलं. "'ग्रंथालयातून गहाळ झालेला नकाशाग्रंथ एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निवासस्थानी आढळून आला असून तो ग्रंथालयात जमा झाला आहे. सबब बांधणी विभागातील रोजंदारी बाइंडर श्री. शमशुद्दीन मणेर यांच्यावर कोणताही ठपका राहत नाही. झाल्या प्रकाराबद्दल परिषद दिलगिरी व्यक्त करीत आहे. श्री. मणेर यांना दिनांक १ नोव्हेंबर १९९६ पासून पूर्ववत कामावर घेण्यात यावे, व तसे त्यांना तातडीने कळविण्यात यावे.'"

उपकुलसचिव माझ्या खांद्यावरनं कागद बघत होते. शमशूभाई पुढची पानं उलटत राहिले. मार्च सत्त्याण्णवच्या सभेत आणखी एक ओळ मिळाली. ती त्यांनी स्वतःच वाचली, बोट ठेवून. 'श्री. मणेर यांना पत्र देऊनही ते हजर झाले नाहीत. सबब त्यांना स्वारस्य नसल्याचे गृहीत धरून नाव कमी करण्यात यावे.'

"पत्र?" ते म्हणाले. "कसलं पत्र?"

तेव्हा मला दाराखाली घसपटलेला कागद आठवला. मी दार जरा ओढलं. दारामागं फरशीवर एक खाकी लिफाफा होता, धुळीनं फरशीच्याच रंगाचा झालेला; दार उघडलं की तो मागं सरकायचा, म्हणून गठ्ठे ठेवायला येणाऱ्यांनाही दिसला नसणार. पदरानं पुसला. वर पत्ता होता, 'श्री. श. म. मणेर, बांधणी विभाग, मार्फत ग्रंथपाल'. कोपऱ्यात जावक क्रमांक, तारीख एकोणतीस ऑक्टोबर. अक्षर माझं होतं.

आमच्या ऑफिसची पद्धत अशी, की कामावरच्या माणसाला पत्र द्यायचं ते त्याच्या विभागाच्या पत्त्यावर, साहेबाच्या मार्फत. घरचा पत्ता लिहायचा तो निवृत्त झालेल्याला नाहीतर मेलेल्याच्या वारसाला. शमशूभाई कागदोपत्री बांधणी विभागातच होते. मी लिहिलं, ग्रंथपालांनी सही करून पुढं धाडलं.

"आनि तू काय केलंस?" मी आकारामकडं वळले.

"दार बंद हुतं, किल्ली ग्रंथपालसाहेबांकडं," तो खाली बघत म्हणाला. "पत्ता तर ह्याच खोलीचा. मी फटीतनं आत सारलं. पोच दिली."

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पत्र त्यानं पत्त्यावर पोचवलं होतं. पत्ता मी लिहिला होता. शमशूभाई कामावरनं गेलेत हे मला ठाऊक नव्हतं? सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होतं. त्यांचं घर माझ्या मागच्या गल्लीत. लिफाफा पिशवीत टाकून संध्याकाळी त्यांच्या दारात दिला असता, तर दहा वर्षं वाचली असती. दिवसाला दीडशे टपालं नोंदवायची असतात, बंद लिफाफ्यात काय आहे ते कळत नाही, ही कारणं खरी आहेत. पण नाव तर मी वाचलंच होतं. वाचल्याशिवाय हातानं लिहिलं कसं?

शमशूभाईंनी लिफाफा घेतला, उघडला, आतलं चार ओळींचं पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. उपकुलसचिव चाचरत म्हणाले, "ते... आधी नोंद करून घ्यावं लागेल."

"नोंद झालीया त्याची!" मी म्हणाले. "माझ्याच हातची हाय. आता त्याला हात लावून तर बघा." तासाभरात दोन्ही ठरावांच्या साक्षांकित प्रती मिळाल्या, गोल शिक्का मारून. कुलसचिवांनी स्वतः खाली येऊन हात जोडले. शमशूभाईंनीही जोडले.

बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. हायवेला ट्रक धावत होते. शमशूभाई म्हणाले, "म्हणजे आक्का, मी त्यांच्या निरोपाची वाट बघत हुतो, आनि ते माझी बघत हुते."

"ते अक्षर माझं हाय, शमशूभाई."

"बघितलं की. तुमचं अक्षर मला ठाऊक न्हाय व्हय?"

"मला माफ करा."

त्यांनी खिशातल्या पत्रावर हात ठेवला. मग विचारलं, "एक खरं सांगा. तुम्हालाबी वाटलं हुतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. "व्हय," मी म्हणाले. "वाटलं हुतं. त्या लग्नात तुम्ही खिसे उलटे केलासा, तवा मी मनात म्हणाले, बघा कसा सावपणा दाखवतोय." हे बोलताना मला रडू फुटलं. मी कुणापुढं रडणारी बाई नव्हे, पण त्या बाकावर पदर तोंडाला लावून रडले. स्वतःची लाज वाटली म्हणून रडले.

शमशूभाईंनी मला रडू दिलं. बस आली तेव्हा म्हणाले, "घरी चला माझ्या. चाँदबीला वाचता येत न्हाय. तुम्हीच वाचून दाखवा तिला. तुम्ही वाचल्यावर तिला पटंल."

चाँदबी म्हणजे त्यांची बायको. मोठी कामाची बाई, फार बोलत नाही. आम्ही गेलो तेव्हा ती सोप्यात प्रबंधाच्या पानांच्या कडा सारख्या करत बसली होती. त्यांची घरातली बोली वेगळी, पण माझ्यादेखत दोघंही मराठीतच बोलतात. मी कागद उलगडून सगळं वाचलं. ठपका राहत नाही, हेही वाचलं. दिलगिरीचंही वाचलं.

"परत एकदा वाचा," चाँदबी म्हणाली.

मी परत वाचलं.

"मग येवढी वर्षं हे कुठं हुतं?"

मी सांगितलं. कुणी पत्ता लिहिला, कुणी फटीतनं आत सारलं, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर मी गुमान ऐकून घेतल्या असत्या. पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत होती.

"मी तुमची ट्रंक उघडली हुती," ती म्हणाली. "त्या येळंला. तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेलतासा तवा. ट्रंक बघितली, फळीवरचे डबे बघितले. गादी उसवून बघितली. आत काय न्हवतं. परत शिवून ठेवली."

"ठाऊक हाय," शमशूभाई म्हणाले.

चाँदबीच्या मांडीवरची पानं खाली घसरली. "ठाऊक हाय?"

"गादी मी शिवलेली. टाका माझा न्हवता त्यो. त्याच राती हात फिरवला तवा कळलं."

"आनि दहा वर्षं बोलला न्हाईसा?"

"काय बोलू?" ते म्हणाले. "मी चोर न्हाय म्हणून तुला सांगितलं हुतं, तरीबी तू गादी उसवलीस. म्हणून कागद मागितला."

तो कागद त्यांनी माझ्या हातातनं घेतला, चाँदबीच्या हातात दिला, आणि खाली पडलेली पानं एकेक करून गोळा करायला बसले.